आयत्या बिळावर?



आपल्या ग्रुपवर मला नेहमी विचारलं जातं, "तू नेमकं करतेस तरी काय?" आज माईक हातात आहे, तर सांगूनच टाकते.

मी क्लोजर नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते. रिच हिकी यांनी ती २००७ मध्ये जगापुढे आणली. नवी भाषा चालवायला मेमरी सांभाळणारं, वेग देणारं यंत्र लागतं. हिकींनी ते नव्याने बांधलं नाही. जावाचं जेव्हीएम दहा वर्षांहून अधिक काळ मुरलेलं होतं, त्याच्यावरच त्यांनी भाषा बसवली. जावाच्या लायब्ररी पहिल्या दिवसापासून हाताशी आल्या.

मला हा प्रकार आयत्या बिळावरच्या नागोबासारखा वाटायचा. जावा शिकायचा मी कंटाळाच केला.

मग एका रात्री आमची सिस्टिम बंद पडली. माझं एक फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलवत होतं. चाचणीत शंभर नोंदी होत्या, तेव्हा चाललं. प्रत्यक्षात लाखभर आल्या. दर वेळी परतीचा पत्ता साठत गेला आणि स्टॅक भरला. स्कीमसारख्या भाषेत असा शेवटचा कॉल जागा अडवत नाही, जेव्हीएममध्ये अडवतो. हिकींनी ही मर्यादा लपवलेली नाही. त्यासाठी त्यांनी 'रिकर' हा वेगळा शब्दच दिलाय. मी तो अनावश्यक समजून वापरला नव्हता.

सकाळी मीटिंगमध्ये सगळे भाषेला नावं ठेवत होते. मी म्हटलं, "चूक माझी आहे. खाली काय आहे ते मी पाहिलंच नाही."

बाई, तेव्हा तुम्ही आठवलात. उत्तर बरोबर असलं तरी माझ्या गणिताच्या वहीत लाल शाईने लिहायचात, "पायऱ्या कुठे?"

त्यानंतर मी जेव्हीएम नीट शिकले. २०२३ मध्ये जावा २१ बरोबर हलके व्हर्च्युअल थ्रेड आले आणि भाषेत काही न बदलता आम्हाला वापरता आले. यजमानाच्या घरात नवी खोली झाली, ती आम्हालाही मिळाली. पण ज्याच्या घरी राहायचं, त्याच्या घराच्या भिंती कुठे आहेत हे ठाऊक हवं.

बाई, उशीर झाला, पण आता पायऱ्या लिहिते.