जखमी दात आणि त्यातील लेप
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणनिधी व वसतिगृह यांवरील विचारप्रवर्तक भाषणांनंतर आम्ही एका दाताविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस हसू येईल. परंतु आपल्या हातून झालेली चूक चारचौघांत सांगितली, तर ती दुसऱ्याच्या घरी टळते, या भावनेनेच आम्ही हे धाडस करीत आहो.

२०१६ साली आमचा आठ वर्षांचा नातू खो-खो खेळताना खांबावर आदळला. वरचा पुढचा दात जागेवर राहिला, पण आतला जिवंत गर मेला. दंतवैद्यांनी तो काढून मुळाच्या पोकळीत पांढरा लेप भरला व महिन्याने येण्यास बजावले. मुलाचे आईबाप नोकरीनिमित्त परगावी. मूल आमच्या हवाली. दुखणे थांबले, मग परीक्षा आली, मग लग्नसराई, मग पाऊस. अशी दोन वर्षे लोटली आणि एके दिवशी मक्याचे कणीस खाताना तो दात हिरडीलगत मोडला. दोष सर्वस्वी आमचा होता.

तो लेप म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड; आपल्या पानाच्या डब्यातील चुन्याचाच शुद्ध भाऊ. जर्मनीत हेर्मान यांनी १९२० साली तो दातांच्या उपचारात आणला. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने जंतू मारतो, आणि मुळाच्या टोकाशी कठीण पडदा बनण्यास साहाय्य करतो. (म्हणून कोणी घरचा चुना दातात भरू नये, तो तोंड भाजील!)

मूळ पोकळ झाले तरी त्याच्या टोकाशी जिवंत मांस व हाड असते. तेव्हा आत भरलेले द्रव्य जंतूंचे वैरी, परंतु शरीराचे मित्र असले पाहिजे. या गुणास शास्त्रज्ञ जैवसुसंगतता म्हणतात, आणि बशीत वाढविलेल्या जिवंत पेशींवर त्या द्रव्याचा अर्क घालून तिची पहिली परीक्षा घेतात. फॉर्माल्डिहाइडयुक्त लेप जंतू मारीत खरे. पण ते खालच्या दाताच्या मुळाबाहेर उतरून मज्जातंतूपर्यंत गेले, तर ओठ कायमचा बधिर होण्याचे भय असते.

मैत्रीलाही मुदत असते. मुलांच्या दातांची मुळे अपुरी व भिंती पातळ असतात. चुन्याचा लेप तेथे दीर्घकाळ राहिल्यास दाताच्या घटकांतील प्रथिनांचा बंध सैल होतो. डेन्मार्कचे अँड्रेआसेन व त्यांचे सहकारी यांनी मेंढ्यांच्या दातांवर प्रयोग करून २००२ साली दाखविले की, सुमारे वर्षभरात अशा दाताचे बळ निम्म्यावर येते. आमच्या नातवाचा दात कणसाने मोडला नाही. तो आमच्या दिरंगाईने मोडला.

यावर उपाय निघाला आहे. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचे सिमेंट सिद्ध केले. १९९३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते ओलाव्यातच घट्ट होते आणि भोवतालच्या पेशी त्याचा स्वीकार करतात. मुळाच्या उघड्या टोकाशी त्याचे बूच बसविले की, महिनोगणती चुना ठेवण्याचे कारण उरत नाही. त्यातील बिस्मथमुळे दात काळवंडू शकतो, म्हणून पुढे बायोडेंटिनसारख्या सिमेंटांत झिर्कोनियम योजिले गेले. निर्दोष असे काहीच नाही. योग्य दाताला योग्य द्रव्य योग्य मुदतीपुरते, हेच खरे.

यास्तव पालकांस आमची नम्र विनंती आहे. मुलाच्या दातास मार लागल्यास वैद्यांस तीन प्रश्न विचारावेत : आत काय भरले? ते किती दिवस राहावयाचे? पुन्हा केव्हा यावयाचे? आणि ती तारीख लग्नपत्रिकेवरील मुहूर्ताप्रमाणे पाळावी. दुखणे थांबले म्हणजे उपचार संपला, असे मानू नये.

जबड्याची वाढ पुरी होईतो रोवलेला कायमचा दात बसविता येत नाही. आमचा नातू अनेक वर्षे तोंडावर हात धरून हसला. तो हात आपल्या कोणाच्या मुलाच्या तोंडावर न यावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.