टॅक्सीचे भाडे कोण ठरवते?

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावाहून परत येताना मी वडापाच्या जीपमध्ये बसलो. नेहमीप्रमाणे वीस रुपये पुढे केले, तर पैसे घेणारा पोरगा म्हणाला, "सर, कालपासून तीस." मी विचारले, "कुणी वाढवले?" तो म्हणाला, "सगळ्यांनीच वाढवलं." माझ्या शेजारी दवाखान्यातून परत निघालेली एक म्हातारी होती. तिने मुकाट्याने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि आणखी दहा रुपये काढून दिले. बाकीच्यांनीही दिले. मीही दिले.

आता डिझेल महागले हे मलाही ठाऊक होते. दर वाढला याचे दुःख नव्हते. पण तो किती वाढावा हे कुणी ठरवले आणि त्या म्हातारीला कुणी विचारले काय, एवढेच मनात राहिले. म्हणून आज विलायतेतील एक पद्धत आपणांस सांगतो. ती फार थोर आहे म्हणून नव्हे. तिच्यात विचारण्याची एक रीत आहे म्हणून.

इंग्लंडमध्ये लंडनखेरीज इतर भागांत भाड्याच्या टॅक्सीचा दर ठरवण्याचा अधिकार तेथील स्थानिक कौन्सिलला आहे. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपालिका किंवा पंचायत समिती म्हणा ना. घोडागाडीच्या काळापासून, म्हणजे 1847 च्या कायद्यापासून, हे चालत आले आहे. आजचा कारभार मुख्यतः 1976 च्या कायद्याच्या 65 व्या कलमाने चालतो. कौन्सिल दराचा एक तक्ता करते. गाडीत पाऊल टाकताच किती, पुढे दर इतक्या यार्डांना किती, गाडी खोळंबली तर किती, रात्री आणि सणावारी किती, असा तो तक्ता. एखादा उतारू गाडी घाण करील तर त्याचाही दर त्यात असतो, ही गंमत ध्यानात ठेवा.

बहुधा मागणी येते ती गाडीवाल्यांकडून. 2022 साली इंधन भडकले तेव्हा अनेक कौन्सिलांपुढे असे अर्ज आले. मग अधिकारी हिशेब मांडतात: इंधन, विमा, दुरुस्ती, गाडीची किंमत आणि चालकाची मजुरी. हिशेब झाला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. नवा तक्ता निदान एका स्थानिक वर्तमानपत्रात छापावा लागतो, आणि कचेरीत तो कुणालाही फुकट पाहता आला पाहिजे. हरकत घ्यायला किमान 14 दिवसांची मुदत. कुणी हरकत घेतली नाही, तर मुदत संपताच दर लागू. हरकत आली आणि ती मागे घेतली नाही, तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. मात्र त्या निमित्ताने प्रकरण भिजत ठेवता येत नाही. पहिल्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत नवी तारीख नेमून, तक्ता आहे तसा किंवा दुरुस्त करून, लागू केलाच पाहिजे. उतारूला बोलायला जागा, आणि गाडीवाल्याला ताटकळत न ठेवण्याची हमी. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते.

तुम्हांला वाटेल, हरकत घेणारे सगळे उतारूच असतील. तसे नाही हं! पुष्कळदा गाडीवाल्यांतच दोन तट पडतात. एक म्हणतो, वाढ हवी. दुसरा म्हणतो, दर चढला की गिऱ्हाईक पायी जाईल आणि मी नाक्यावर माश्या मारीत बसेन. शिवाय हा दर कमाल असतो. मीटरपेक्षा कमी घ्यायला मोकळीक. जास्त घेणे हा गुन्हा.

आणखी एक भेद सांगतो. तेथे आधी ठरवून बोलावलेल्या खासगी गाडीचा दर कौन्सिल बांधत नाही. घरी बसून चार ठिकाणी चौकशी करणाऱ्याला निवड असते; पण रात्री पावसात स्टेशनबाहेर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईला कसली निवड? समोर येईल ती गाडी आणि मागेल ते भाडे. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा दर बांधलेला.

आपल्याकडे हा अधिकार नगरपालिकेला नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 67 व्या कलमाप्रमाणे तो राज्य सरकारकडे येतो, आणि सरकारच्या वतीने परिवहन प्राधिकरणे दर ठरवतात. मुंबईसाठी 2012 साली हकीम समितीचे सूत्र आले, नंतर खटुआ समिती बसली. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे 28 रुपयांवरून 31 झाले. शहरात मीटर आहे, त्यामुळे भांडायला निदान एक आकडा आहे. आमच्या जीपला मीटर नाही. नाक्यावर फळा नाही. गाडीत भरतील तितकी माणसे आणि सांगेल तो दर.

शिक्षक बंधूंनो, त्या आठवड्यात मी वर्गात हेच गणित घातले. वीस किलोमीटर रस्ता, अकरा उतारू, डिझेल, टायर, हप्ता, विमा, चालकाची मजुरी. मुलांनी वह्या भरल्या आणि उत्तर काढले: पंचवीस रुपये पुरेत, जीपवाला पाच रुपये लुबाडतो! वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावर एका जीपवाल्याचाच मुलगा होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, दुपारी गाडी तीन माणसांवर जाते आणि कधी रिकामीच परत येते. ती खेप तुम्ही धरलीच नाही."

खरेच धरली नव्हती. मी फळा पुसला आणि गणित पुन्हा मांडायला सांगितले. ह्या वेळी सकाळच्या भरल्या खेपा किती, दुपारच्या रिकाम्या किती, हे त्या मुलाला विचारून लिहिले. उत्तर अठ्ठावीसच्या आसपास आले. दुसऱ्या दिवशी त्याने ती वही वडिलांना दाखवायला घरी नेली.