धंदेवाईक खेळाडूचें व्रत

धंदेवाईक खेळाडू म्हणजे केवळ पैशासाठीं खेळणारा, असा समज सहज होतो. स्टॅन्ले मॅथ्यूज याचें चरित्र निराळेंच सांगतें. न्हाव्याचा धंदा करणाऱ्या मुष्टियोद्ध्या पित्यानें त्यास नित्य व्यायामाचें वळण लाविलें. इंग्लंडांत १९६१ पर्यंत फुटबॉलपटूंच्या वेतनास कमाल मर्यादा होती. कौशल्य वाढलें तरी त्यापुढें पगार वाढत नसे. तरीही त्याचा सराव सुटला नाहीं. १९४८ व १९५१ सालीं एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांत त्याचा ब्लॅकपूल संघ हरला. १९५३ सालीं संघ पुन्हां ३-१ असा मागें पडला, तेव्हां ३८ वर्षांच्या मॅथ्यूजनें उजव्या बगलेवरून सहकाऱ्यांस संधी मिळवून दिल्या. संघ ४-३ असा जिंकला. १९६५ सालीं, वयाचीं ५० वर्षें पुरीं झाल्यावर, तो अखेरचा लीग सामना खेळला. वेतनाची मर्यादा इतरांनीं ठरविली होती. श्रमांची मर्यादा त्याची त्यानें ठरविली.