हंगामी रोजगार आणि बारमाही बेकारी

(शिरूर कासार येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

ग्रामीण भागातील रोजगार आणि बेकारी या विषयावर मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. हा विषय देशाच्या पातळीवर मांडता येतो. परंतु मी तो मुख्यतः या तालुक्याच्या अनुभवाशी जोडून मांडणार आहे. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी हा बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचा टापू. येथील माणसाला काम किती मिळते, कोणत्या अटींवर मिळते आणि ते मिळवण्यासाठी त्याला काय गमवावे लागते, हे नीट समजले तर देशातील बेकारीच्या प्रश्नाचा मोठा भाग समजतो, असे माझे मत आहे.

आरंभ सरकारी आकड्यांपासून करू. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीप्रमाणे २०१७-१८ साली ग्रामीण भारतातील बेकारीचे प्रमाण ५.३ टक्के होते. २०२३-२४ साली ते २.५ टक्क्यांवर आले. याच काळात श्रमबाजारातील ग्रामीण स्त्रियांचा सहभाग २४.६ टक्क्यांवरून ४७.६ टक्क्यांपर्यंत वाढला. हे आकडे पाहून राज्यकर्ते समाधान मानतात. शंभर माणसांत जेमतेम अडीच बेकार, म्हणजे प्रश्न जवळपास सुटला, असा त्यांचा दावा असतो.

मग दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर घराघरांना कुलपे का लागतात? गावात म्हातारीकोतारी आणि शाळकरी पोरे तेवढी मागे का राहतात? या प्रश्नाचे उत्तर बेकारी मोजण्याच्या रीतीत दडलेले आहे. या पाहणीच्या नेहमीच्या मोजमापात वर्षातून तीस दिवस काम करणारा माणूसही काम असलेल्यांत धरला जातो. आठवड्याच्या मोजमापात तर सात दिवसांत एक तास काम केले तरी पुरते. घरच्या कोरडवाहू तुकड्यावर बिनमजुरीने राबणारी सून ही देखील 'रोजगारात' असते. आणि जे कुटुंब पाच महिने कोल्हापूर, सांगली, पुणे जिल्ह्यांत अथवा कर्नाटकात उसाच्या फडात आहे, त्याचे घर तर कुलूपबंद असते. पाहणीसाठी दार ठोठावणाऱ्याला ते सापडणार कोठून? गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम, मिळेल त्या दराने करतो, आणि म्हणून आकड्यांत तो बेकार दिसत नाही. तेव्हा कामाचे दिवस किती, मोबदला किती आणि काम स्वीकारताना नाही म्हणण्याची मुभा किती, ही तीन मापे लावल्याखेरीज रोजगाराची खरी स्थिती कळणार नाही.

बेकारीची मुळे

हा प्रदेश दरिद्री का राहिला, याचे उत्तर निसर्गाच्या माथी मारणे सोपे आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, जमीन हलकी, सिंदफणेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे, हे सारे खरेच आहे. परंतु निसर्गाच्या जोडीला इतिहास आणि राजकारण यांनीही आपापला वाटा उचलला आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. तोवर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीने मूळ धरले होते. प्रवरेचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला होता. पुढे जायकवाडी झाले, माजलगावचा प्रकल्प झाला. पण पैठणहून निघणारा उजवा कालवा गेवराई-माजलगावच्या सखल भागाकडे गेला. घाटाकडच्या गावांच्या वाट्याला पाझर तलाव आणि टँकर आले. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अनुशेष मोजून दाखवला. १९९४ साली मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आले, त्याची मुदत २०२० साली संपली. अनुशेष मोजण्यात आपण पारंगत झालो. तो भरून काढण्यात मात्र नाही.

परिणाम असा की एकाच राज्यात दोन टापू एकमेकांना पूरक बनले. एकीकडे पाणी आणि ऊस, दुसरीकडे अवर्षण आणि माणसे. बागायती टापूतील साखरेला जितकी कालव्याच्या पाण्याची गरज आहे, तितकीच या कोरडवाहू टापूतील बेकारीचीही गरज आहे. येथे बारमाही काम मिळू लागले, तर तेथे ऊस कोण तोडणार? बालाघाटाचे मागासलेपण हे साखरधंद्याच्या हिशेबात बसलेले मागासलेपण आहे, हे आपण स्पष्टपणे ओळखले पाहिजे.

उचलीचा हिशेब

ऊसतोडीच्या व्यवहारात मजुराला माणूस म्हणून मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात, घरातील दाणे आणि हातातील पैसा संपलेला असताना, मुकादम या कोयत्याला उचल देतो. दवाखाना, लग्न, बियाणे, सावकाराचे देणे यांत ती दसऱ्याच्या आधीच संपते. मग हंगामभर राबून ती फेडायची. काम करण्यापूर्वीच मजुरी खर्च झालेली असते, हा या व्यवहाराचा गाभा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या समझोत्याने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला सुमारे २७३ रुपये असलेला दर सुमारे ३६६ रुपये झाला आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्क्यांवर गेले. संघटना आणि संप यांच्या रेट्याशिवाय ही वाढ झाली नसती, हे मान्य केलेच पाहिजे. आता हिशेब करून पाहा. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आहे आणि तो रोज दोन टन ऊस तोडतो, असे धरू. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहून गाडी भरणे, एवढे केल्यावर दोघांचे मिळून दिवसाला ७३२ रुपये पडतात, म्हणजे माणशी ३६६. या गतीने लाखाची उचल फेडायला १३७ दिवस लागतात. त्यात आजारपणाचा, पावसाचा, कारखाना बंद पडल्याचा एकही खाडा धरलेला नाही.

पण हंगाम तेवढा चालतो काय? २०२४-२५ चा गाळप हंगाम राज्यात सरासरी शंभर दिवसही चालला नाही. नव्वद दिवस काम मिळाले, तर वरच्या हिशेबाने ६५,८८० रुपयांचे काम होते आणि ३४,१२० रुपये बाकी राहतात. ती बाकी पुढल्या वर्षाच्या मानगुटीवर बसते. वाडे विकून आलेल्या चार पैशांवर फडावरचा किराणा भागतो. माणूस चैत्रात गावी परततो तो मोकळ्या हाताने आणि पुढच्या हंगामाला बांधला जाऊन. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. कर्जापोटी श्रम गहाण पडणे हेच वेठबिगारीचे लक्षण मानले, तर फिरत्या बाकीला दुसरे कोणते नाव द्यायचे, हे सरकारने सांगावे.

आणि या मजुराचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तर मध्यस्थ. मालक सापडत नाही म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही, अपघाताची भरपाई हक्काने नाही. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केलेला कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. शिरूरहून सांगलीला जाणारा त्याच्या कक्षेत आलाच नाही.

स्त्रीच्या वाट्याला आलेले

कोयत्यातील अर्धा वाटा स्त्रीचा. पण उचल नवऱ्याच्या हाती आणि हिशेब त्याच्या नावावर. फडावरच्या कोपीत न्हाणी नाही, शौचालय नाही. पाळीच्या चार दिवसांत खाडा केला तर पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारने बीड जिल्ह्यात केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांच्या कारणांवर वैद्यकीय मंडळींनी वाद घालावा. पण सहा स्त्रियांमागे एकीचे गर्भाशय काढले जाते, ही गोष्ट रोजगाराच्या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाही.

बालविवाहाचेही तसेच. एकट्याला उचल मिळत नाही, जोडीला मिळते. आणि वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती आईबापांना असते. म्हणून दहावीच्या आत तिचे हात पिवळे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दिसले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. नुसत्या उपदेशाने हे थांबणार नाही.

कामाच्या हमीची कहाणी

यावर उपाय नाही असे नाही. महाराष्ट्रानेच तो देशाला दाखवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झालेल्या प्रयोगापासून रोजगार हमीचा विचार वाढला. १९७२-७३ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या त्या हातांनीच रस्ते आणि पाझर तलाव झाले. डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या मोर्च्यांनी या कामांची मागणी लावून धरली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहराने खेड्यातील श्रमाच्या हक्काचा भार उचलावा, हे तत्त्व त्यात होते. २००५ साली केंद्राने शंभर दिवसांच्या हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचाच अनुभव होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १२५ केले, हे ठळक अक्षरांत सांगितले जाते. मजुरीचा पूर्ण भार पूर्वी केंद्रावर होता; नव्या व्यवस्थेत बहुतेक राज्यांनी चाळीस टक्के खर्च उचलायचा आहे आणि शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे, हे मात्र बारीक अक्षरांत राहते. ही बंदी पावसाळ्यात आली, तर तेच उचल वाटण्याचे दिवस आहेत हे लक्षात घ्या. ज्या महिन्यांत गावात काम हवे, त्याच महिन्यांत ते बंद ठेवले, तर आपण मुकादमाच्या दारी गिऱ्हाईक पाठवल्यासारखेच होईल.

पुढे काय वाढून ठेवले आहे

दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली यंत्राची. ऊस तोडणीच्या यंत्राला ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना राज्यात आली आहे. यंत्राला आपला विरोध नाही. माणसाने वाकून ऊस तोडत राहावे हा काही आपला आदर्श नव्हे. परंतु यंत्राच्या मालकाला लाखांचे अनुदान आणि कोयता हातातून गेलेल्याला काहीच नाही, हा न्याय आपल्याला मान्य नाही. पर्यायी काम आधी, यंत्र नंतर, हाच क्रम असला पाहिजे.

दुसरी गोष्ट रेल्वेची. तीन दशकांच्या प्रतीक्षेनंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वे धावू लागली. आपल्या तालुक्यात रायमोहा येथे स्थानक झाले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु रूळ दोन्ही दिशांना नेतात. येथे कांदा-कापसावर प्रक्रिया, दुधाचा आणि शेळीपालनाचा धंदा उभा राहिला, तर गाडी माल घेऊन जाईल. तसे झाले नाही, तर ती माणसे घेऊन जाईल.

शिकलेल्या तरुणांची बेकारी हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. ऊसतोडीच्या पैशातून पदवी घेतलेला मुलगा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत वयाची तिशी गाठतो. २०२३ पासून या जिल्ह्यात आरक्षणाच्या प्रश्नावरून जी तेढ वाढली, जाळपोळीपर्यंत गेली, तिच्या मुळाशी हीच कोंडी आहे. आरक्षण हा सामाजिक न्यायाचा हक्क आहे आणि त्याचा निर्णय न्यायाने व्हावा. पण जागाच जर मूठभर असतील, तर मराठा आणि वंजारी, दलित आणि बंजारा या साऱ्यांची मुले एकाच फडात शेजारी शेजारी ऊस तोडत राहतील आणि गावी येऊन एकमेकांवर दगड उचलतील. एवढ्याने साखरसम्राटांचे काहीच बिघडत नाही.

आपले काम

म्हणून कार्यकर्त्यांपुढे मी चार कामे ठेवतो. एक, प्रत्येक गावात दसऱ्यापूर्वी जाणाऱ्या प्रत्येक मजुराची, स्त्री आणि पुरुष यांची वेगवेगळी, नोंद ग्रामपंचायतीत झालीच पाहिजे. उचलीचा कागद दोघांच्या नावे हवा आणि मजुरी ज्याची त्याच्या खात्यात. दोन, वैशाखापासूनच गटागटाने कामाची लेखी मागणी करावी, तारीख घातलेली पोच घ्यावी आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागावा. तीन, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि सरकारने तितकेच द्यायचे ठरले आहे. त्या पैशाचा आणि ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याच्या योजनेचा हिशेब ग्रामसभेत मागावा. मूल गावी शिकले तरच त्याच्या हाती कोयता येणार नाही.

चौथे काम दीर्घ पल्ल्याचे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला. ज्याला कायमचा मालक नाही अशा हमालाची मंडळात नोंदणी झाली, मालकांकडून मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे जमा होऊ लागली, निधी आणि रजा यांचा हक्क मिळाला. जे बाजारपेठेतील हमालाला मिळाले, ते फडातील मजुराला का मिळू नये? कारखाना हाच मालक, हे तत्त्व कायद्यात लिहून घेईपर्यंत ही मागणी आपण सोडता कामा नये.

साथींनो, कोयता टाकून द्या, असे आपण या माणसांना आज सांगू शकत नाही. त्यांची चूल त्यावर पेटते. परंतु कोयता हाती घेणे की न घेणे, हे ठरवण्याची सोय त्यांच्यापाशी असली पाहिजे. वैशाखात गावच्या शिवारात काम असेल, तर श्रावणात मुकादमाची उचल नाकारता येईल. ते काम मागण्यासाठी पुढल्या बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीवर आपण किती माणसे नेतो, त्यावर या बैठकीचे मोल ठरेल.