पुरावा तोच, निकाल तीन

२८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांचा गोळ्या झाडून खून झाला. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये सहा जणांना दोषी ठरवलं. उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी सगळ्यांना सोडलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकालाच जन्मठेप दिली. पुराव्याची छाननी इतकी निर्णायक ठरते; म्हणून वकील पहिल्या दिवसापासून हवा. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. तिथेच वकील मागा. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, फोन १५१००. वकिलापासून काही लपवू नका, तुमचं बोलणं गुप्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि आरोपपत्राची प्रत विनामूल्य मिळते, ती घ्याच.