न पाहिलेल्या टकरीचें चित्र

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ज्यांनीं काठावरून पाहिलें असेल, त्यांस तो सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खळगा कोणी आंखून कोरला असावा असेंच वाटलें असेल. ह्या घडणीवरून पूर्वीच्या कित्येक भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्यास ज्वालामुखीचें मुख ठरविलें. भोंवतालचा सारा मुलूखच लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा, तेव्हां तो तर्क अगदींच गैर नव्हता. परंतु खळग्याच्या तळाशीं छिद्रें पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट नांवाचें कांचसदृश द्रव्य सांपडलें, व तो पुरावा १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. प्रचंड धक्क्याच्या दाबानें खडकांतील स्फटिकांची अशी कांच होते. ज्वालामुखीस तें साधत नाहीं. आकाशांतून आलेली धोंड पाहणारा कोणी नव्हता. टक्कर मात्र सिद्ध झाली, आणि ती आकारावरून नव्हे.

अणूहूनही सूक्ष्म कणांच्या टकरी अभ्यासणारांपुढें हाच पेंच नित्य उभा असतो. १९४० च्या सुमारास बिभा चौधरी व देवेंद्रमोहन बसू यांनीं दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणीं फोटोग्राफीच्या कांचा ठेवून विश्वकिरणांचे माग टिपले. तेथें कणानें स्वतःच रेघ उमटविलेली असे. सूक्ष्मदर्शकाखालीं ती दिसे. बिभाबाई पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आल्या. त्याच संस्थेनें कालांतरानें जिनिव्हानजीकच्या 'सर्न' प्रयोगशाळेंतील सीएमएस ह्या अजस्र यंत्राचा एक भाग सिद्ध करून दिला. ह्या यंत्रांत प्रोटॉनांच्या टकरी होतात, पण डोळ्यांस दिसणारी रेघ उमटतच नाहीं. हातीं येतात त्या विजेच्या सूक्ष्म स्पंदांच्या नोंदी: कोठें, केव्हां, किती. गणकयंत्र ते बिंदू जोडून मार्ग काढतें. चुंबकाच्या प्रभावानें मार्ग कोणत्या बाजूस वळला यावरून कणाचा विद्युद्भार कळतो, व किती वळला यावरून त्याचा संवेग. न्यूट्रिनो तर बिंदूही मागें ठेवीत नाहीं. इतर कणांचा तोल जमत नाहीं, एवढ्यावरूनच तो निसटल्याचें ओळखावयाचें. रंग मात्र सर्वस्वी चित्रकाराचे!

४ जुलै २०१२ रोजीं हिग्ज कणाची वार्ता जाहीर झाली, तेव्हां सीएमएसचें एक चित्र जगभर झळकलें: दोन पिवळ्या तुटक रेघा, व त्यांच्या टोकांस हिरवे मनोरे. मनोरे म्हणजे दोन प्रकाशकणांची मोजलेली ऊर्जा. रेघा अनुमानाच्या, कारण विद्युद्भार नसलेला प्रकाशकण वाटेंत माग सोडीत नाहीं. अशी जोडी सामान्य टकरींतूनही निघते, किंबहुना कितीतरी अधिक वेळां. असंख्य जोड्यांची वस्तुमानें मांडतां १२५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास संख्या अपेक्षेहून अधिक भरली, इतर प्रकारच्या मोजणींतही तेंच आढळलें, तेव्हां शोध मान्य झाला. वृत्तपत्रांत छापलेली ती जोडी हिग्ज कणाची होती कीं सामान्य टकरीची, हें त्या एका चित्रावरून कोणासच सांगतां येत नाहीं.