विदर्भकन्येच्या कोळिणी

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. इथली मासेमारी नदीनाल्यांवर आणि धरणांच्या पाण्यावर चालते. भोयांची जाळी आणि आठवडी बाजारात मासळी विकणाऱ्या बाया, हे इथलं चित्र. पण कोळिणीला भारतीय चित्रकलेत मानाची जागा देणारी चित्रकार मात्र विदर्भातलीच होती.

तिचं नाव बी. प्रभा.

नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली तिचा जन्म झाला. नागपूरच्या कलाशाळेतून ती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेली. ती विद्यार्थिनी असतानाच डॉ. होमी भाभांनी तिची तीन चित्रं घेतली. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी तिचं लग्न झालं. त्याच वर्षी एअर इंडियाने तिची सहा चित्रं विकत घेतली, दर चित्राला साडेसत्त्याऐंशी रुपये देऊन! विमान कंपनीच्या प्रचंड कलासंग्रहाची सुरुवात या सहा चित्रांनी झाली.

बंदराचं चित्र म्हटलं की शिडं, डोलकाठ्या आणि पाण्यातलं प्रतिबिंब आठवतं. पण मचवे समुद्रावर गेल्यावर किनाऱ्यावर कोण उरतं? अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर १८८१ मध्ये इंग्लंडच्या कलरकोट्स या मच्छीमार गावी जाऊन राहिला. तिथल्या करड्या आभाळाखाली त्याने जलरंगात कोळिणी रंगवल्या: जाळी सांधणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या, होड्यांची वाट पाहणाऱ्या.

प्रभाने तीच माणसं निवडली, पण तैलरंगात आणि अगदी वेगळ्या रीतीने. होमरच्या चित्रात वारा वाहतो, कपडे फडफडतात. प्रभाच्या चित्रात सगळं थांबलेलं असतं. उंच मान, लांबसडक हात, शेजारी मासळीची पाटी. आणि बहुतेक वेळा एकच रंग सबंध कॅनव्हास व्यापून असतो. या बायांच्या चेहऱ्यावर हसू क्वचितच दिसतं. मुंबईच्या धक्क्यांवर कोळिणी मासळीचा सौदा करतात, भाव ठरवतात. प्रभाने मात्र त्यांचा गलका बाजूला ठेवून थकवा पाहिला. ही निवड धाडसाची होती, कारण हसरी, ठसकेबाज कोळीण सहज विकली गेली असती.

२००१ मध्ये प्रभा गेली. एअर इंडियाचं खासगीकरण झाल्यावर तो संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आला. त्यातली प्रभाची चित्रं विदर्भात एकदा तरी प्रदर्शनाला यावीत. नागपूरला, अकोल्याला आणि वाशीमलाही.